बोलिव्हियातल्या ला पाझची 'मी तेलेफेरिको' केबल कार : पहिल्या दिवशी एकटीने शहर पाहायला उत्तम

ला पाझला उतरलात की पहिला दिवस खोलीत पडून काढा, असं सगळे सांगतात. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटर उंचीवर आणि विमानतळ तर वर, पठारावरच्या एल आल्तो शहरात, ४,००० मीटरच्याही पुढे. विश्रांती हवीच. मीही सकाळ कोकाच्या पानांचा चहा घेत शांतपणे घालवली. पण दुपारचे चार तास केबल कारला द्यावेत, असं मी आग्रहाने सांगेन. या शहरात सपाट रस्ता फारसा नाही आणि दहा पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. ती सगळी चढण केबल कार तुमच्यासाठी चढते.

ही पर्यटकांसाठी बांधलेली सहल नाही, हे मला सर्वात जास्त आवडलं. माझी सगळी नोकरी पुण्यात पीएमपीच्या बसने ये-जा करण्यात गेली, त्यामुळे कुठल्याही गावात गेले की लोक कामाला कसे जातात ते मी आधी पाहते. इथे ते हवेतून जातात. २०१४ मध्ये लाल, पिवळी आणि हिरवी या तीन लाइन सुरू झाल्या. बोलिव्हियाच्या झेंड्याचे हेच तीन रंग. २०१९ पर्यंत लाइन दहा झाल्या आणि एकूण लांबी तीस किलोमीटरच्या वर गेली. मी गेले तेव्हा एका लाइनचं तिकीट तीन बोलिव्हियानो होतं. रस्त्यावरची मिनीबस तेव्हा याहून स्वस्त पडायची, म्हणून रोज जाणाऱ्यांना हिशोब करावा लागायचाच. पण गर्दीच्या वेळी मिनीबस त्या घाटरस्त्यात अडकून पडते.

मी सुरुवात जुन्या रेल्वे स्थानकाच्या जागी असलेल्या सेंट्रल स्टेशनवरून केली, लाल लाइनने. एका डब्यात दहा माणसं, समोरासमोर बाकं. आत येणारा प्रत्येक जण 'बुएनोस दियास' म्हणतो, दुपार असेल तर 'बुएनास तार्देस'. एकट्या बाईला अनोळखी देशात हा शब्द किती धीर देतो! माझ्या शेजारी गोल हॅट, घेरदार घागरा आणि पाठीवर अग्वायो या रंगीत विणलेल्या कापडाचं गाठोडं बांधलेल्या आजी बसल्या होत्या. मी खिडकीला नाक लावून पाहतेय हे बघून त्यांनी खालची दफनभूमी बोटाने दाखवली. भिंतीच्या भिंती कप्प्यांच्या, प्रत्येक कप्प्याला काचेचं छोटं दार, आत फुलं. मधल्या गल्ल्यांतून माणसं चालत होती. दहाच मिनिटांत ४०० मीटर वर, एल आल्तोत.

आणि इथे हे शहर खरं समजतं. आपल्याकडे टेकडीवर बंगले आणि पायथ्याशी वस्ती असते. इथे वर, थंड वाऱ्यात, कष्टकरी आयमारा या इथल्या मूळ रहिवासी लोकांचं एल आल्तो, आणि खाली उबदार दरीत श्रीमंत दक्षिण भाग. चंदेरी लाइनने पठाराच्या कडेकडेने गेलं की उजेडात सगळी दरी उघडी पडते. पुढे पिवळ्या लाइनने खाली उतरताना विटांची बिनगिलाव्याची घरं, गच्चीवर वाळत घातलेले कपडे, कुत्री, अंगणात फुटबॉल खेळणारी पोरं, सगळं पायांखालून जातं. लोकांच्या घरात डोकावल्यासारखं होतं, हे मला थोडं खटकलं. मी तिथे कॅमेरा बंद ठेवला. समोर मात्र आकाश स्वच्छ असेल तर इयिमानी पर्वत दिसतो, ६,४३८ मीटरचा, बर्फाने झाकलेला. त्यासाठी दरीकडे तोंड असलेलं बाक धरा.

लिबेर्तादोर स्टेशनवरून मी हिरव्या लाइनने इर्पावीपर्यंत गेले. तिथे श्वास सहज घेता आला, स्वेटर काढला. परत येऊन आकाशी लाइनने एल प्रादोला उतरलं की शहराच्या मुख्य रस्त्यावर पोहोचता. तिथून प्लाझा मुरियो या चौकात जायला चढ आहे, तेव्हा थांबत थांबत जा. संसदेच्या इमारतीवरचं उलटं फिरणारं घड्याळ नक्की पाहा. राज्यघटनेप्रमाणे राजधानी सुक्रे असली तरी सरकार आणि संसद इथेच आहेत.

संध्याकाळी थंडी वाजायला लागली की आपी प्या. जांभळ्या मक्याचं, दालचिनी-लवंग घातलेलं गरम दाट पेय. सोबत चीज भरलेलं पास्तेल मिळतं, तळलं की पुरीसारखं टम्म फुगतं. शाकाहारी माणसाचं त्यावर छान पोट भरतं. सालतेन्या, म्हणजे सारण भरून भाजलेली करंजी, घेतलीत तर आत मांस आहे का, ते आधी विचारा. बहुतेक वेळा असतंच.

विजा चमकत असल्या की केबल कार थांबवतात, म्हणून पावसाळ्यात, म्हणजे तिकडे डिसेंबर ते मार्चमध्ये, सकाळीच निघा. गुरुवारी किंवा रविवारी जाणार असाल तर लाल लाइनच्या वरच्या टोकाला उतरा. एल आल्तोचा प्रचंड आठवडी बाजार तिथे त्याच दोन दिवशी भरतो. पैसे आतल्या खिशात ठेवा.