घरच्या गाण्यांची मिळतीजुळती प्लेलिस्ट: टॅगवर, न्यूरलवर की ब्लिसवर?

मिळतीजुळती गाणी शोधायचे तीन प्रकार आहेत: फाइलवर लिहिलेल्या माहितीवरून (टॅग), शिकवलेल्या एआय मॉडेलवरून (न्यूरल) आणि आवाजाची साधी मोजमापं घेऊन (ब्लिस). गेल्या दीडेक वर्षात हे तिन्ही प्रकार घरी चालवून झालेत म्हणून लिहितोय. ज्यांच्याकडे गाण्यांच्या स्वतःच्या फाइल्स आहेत, घरातच गाणी वाजवणारा सर्व्हर कसाबसा उभा केलाय आणि आता फक्त एवढंच हवंय की एक गाणं लावलं की त्याच्या जातकुळीतली पुढची तीस आपोआप लागावीत, त्यांच्यासाठी. फाइल फ्लॅक की एमपीथ्री, आवाज बाहेर काढणारा डॅक कुठला, तो वाद आज नको.

आधी माझं सामान सांगतो, कारण निकाल सगळा त्याच्यावरच आहे. अकरा हजारांच्या आसपास गाणी. त्यातली अडीचएक हजार बाबांच्या कॅसेटवरून मी स्वतः उतरवलेली, बाकी रिप केलेल्या, म्हणजे फाइलमधे उतरवलेल्या, सीडी आणि थोडी ऑनलाइन विकत घेतलेली. भावगीतं, नाट्यगीतं, अभंग, लावण्या, जुनी हिंदी, गझला, माझं कॉलेजातलं रॉक आणि बायकोचा जॅझ. तुमच्याकडे फक्त इंग्लिश गाणी असतील तर माझं अर्धं रडगाणं तुम्हाला लागू नाही, हे आधीच कबूल.

टॅगवाला प्रकार सगळ्यात सोपा, काही इन्स्टॉल करायलाच लागत नाही. जेलीफिन या फुकट मीडिया सर्व्हरमधे इन्स्टंट मिक्स असतंच, ते जॉन्र, म्हणजे गाण्याचा प्रकार, बघून गाणी ओढतं. आता आपल्या सीडी रिप करताना ऑनलाइन डेटाबेस जॉन्र काय देतो? 'वर्ल्ड'. नाहीतर 'इंडियन', नाहीतर 'अदर'. म्हणजे अभंग पण वर्ल्ड, लावणी पण वर्ल्ड, त्यामुळे एकादशीला सकाळी अभंग लावला की तिसऱ्या नंबरला ढोलकी कडाडलीच. उपाय एकच, हाताने टॅग करा. मी दिवाळीच्या सुट्टीत बसलो होतो, नऊशे गाणी झाली, सुट्टी संपली, नंतर त्याला हात लावलेला नाही.

ज्याने टॅग मनापासून नीट केलेत त्याला मात्र एका बाबतीत तोड नाही. आरती म्हणजे काय, पाडवा पहाटेला काय चालतं आणि काय नाही, हे कुठल्याच कानवाल्या, म्हणजे गाणं ऐकून ठरवणाऱ्या, सॉफ्टवेअरला कळत नाही, टॅगला कळतं. पण भावगीत म्हटलं तरी त्यात नुसती पेटी-तबल्यावरची असतात आणि पंचवीस व्हायोलिनं मागे असलेलीही असतात, ती एकामागे एक लागली की कानाला झटका बसतो, तो कुठलाही टॅग वाचवत नाही.

याचाच भाऊ म्हणजे इंटरनेटवरून 'सिमिलर आर्टिस्ट' आणणारे प्लगइन. ते लोकांनी काय काय ऐकलं त्याच्यावर चालतं, आणि जुन्या मराठी गायिका त्या साइट्सवर नोंद करून ऐकणारे असे किती असणार, त्यामुळे फिरून फिरून तीच पाच हिंदी नावं समोर येतात. शिवाय दुसऱ्याच्या सर्व्हरवर भरवसा ठेवायचा तर अ‍ॅकॉस्टिकब्रेन्झ आठवायचं. त्या साइटचं असं, लोकांनी आपापल्या गाण्यांचं अ‍ॅनालिसिस करून तिथे पाठवलं, त्याचा चांगला डोंगर झाला, आणि २०२२ मधे त्यांनीच जाहीर केलं की डेटाचा दर्जा पाहिजे तसा नाही, थांबतोय. प्रामाणिकपणा आवडला, पण तेव्हापासून मी ठरवलंय की जे काय गणित व्हायचं ते आपल्या घरच्या डिस्कवर.

म्हणजे उरले दोन, दोघेही फाइल स्वतः 'ऐकणारे'.

पहिलं न्यूरलवालं. मी जे चालवलं ते डॉकरमधे, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सामानासकट एका डब्यात चालवतात त्यात, चालणारं होतं, नाव मुद्दाम घेत नाही, माणसं फुकटात काम करतायत आणि पुढचं रडगाणं माझ्या लायब्ररीचंही आहे. अशा टूल्सच्या पोटात बऱ्याचदा म्युझिसीएनएन नावाचं मॉडेल असतं. ते गाण्याचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे ऐकतं, त्यातून प्रत्येक गाण्याचे दोनशे आकडे निघतात आणि ज्यांचे आकडे जवळ ती गाणी जवळ. मूड पकडण्यात हे खरंच हुशार आहे. माझ्या रॉकमधून त्याने ज्या तऱ्हेने एकेक गाणं काढलं ते बघून मी रात्री दीड वाजेपर्यंत जागा होतो, त्यातली दोन-तीन तर आपल्याकडे आहेत हेच विसरलो होतो. मराठीतही काम करतं, पण त्याला नावं माहीत नाहीत. ते मिलियन साँग डेटासेट या गाण्यांच्या मोठ्या संचाच्या ज्या पन्नास टॅगवर शिकलंय त्यात रॉक आहे, इंडी आहे, कंट्री आहे, 'फीमेल व्होकलिस्ट' आहे, 'सॅड' आहे, 'ओल्डीज' आहे. आपलं काहीच नाही. त्यामुळे त्याने आपोआप गट पाडून दिले तेव्हा नाट्यगीतं 'ओल्डीज जॅझ' मधे जाऊन बसली. बायको म्हणाली चला, जॅझ वाढला घरात. ते मी हसण्यावारी नेलं, नावाशी काय करायचंय, गाणी जवळ आली म्हणजे झालं. आय फाइव्हच्या जुन्या लॅपटॉपवर अ‍ॅनालिसिसला साडेतीन दिवस लागले, पंखा ओरडत होता, तेही चाललं, एकदाच करायचं असतं.

जे नाही चाललं ते सांगतो.

रविवारी मामा-मामी जेवायला होते. मी ऐटीत एक भावगीत लावलं, त्याच्यावरून तीसची लिस्ट करायला सांगितली आणि श्रीखंड वाढायला गेलो. गाणं संपलं, पुढचं सुरू झालं, तेच गाणं. माझ्या लक्षात आलं पण हातात वाटी, म्हटलं जाऊ दे. ते संपलं, तिसरं सुरू झालं, परत तेच, फक्त सुरुवातीला जरा खरखर जास्त. मामा शांतपणे म्हणाले, "अरे, सुई अडकली का तुमच्या कॉम्प्युटरची?"

आता यात मशीनचं काय चुकलं? या गाण्यासारखं सगळ्यात जास्त गाणं कुठलं, तर तेच गाणं. गणित बरोबरच आहे की. भानगड आपल्या लायब्ररीची आहे. आपल्याकडे अल्बम कमी आणि संकलनं फार. 'सर्वोत्तम', 'सुवर्ण', 'अविस्मरणीय', 'निवडक', प्रत्येक दिवाळीत एक नवीन सेट, आत गाणी तीच. माझ्याकडे एकेक गाणं चार-चार ठिकाणी आहे. मग डुप्लिकेट नावावरून काढायला जावं तर गायिकेचं नाव एका सीडीवर पूर्ण, एकीवर आडनाव आधी, एकीवर 'आणि कोरस', कॅसेटवालं मी देवनागरीत लिहिलेलं आणि सीडीवालं रोमनमधे. गाण्याचं नाव तर विचारूच नका, एकाच शब्दात 'शेवटी ई दोनदा की वाय' यावर चार फाइल्सची चार मतं. आवाजाच्या ठशावरून, म्हणजे फिंगरप्रिंटने, डुप्लिकेट शोधणारी टूल्सही लावून बघितली, सीडी-सीडीचं जुळतं, पण बाबांचा डेक थोडा जोरात पळायचा, त्यामुळे कॅसेटवरची कॉपी सुरातच जरा वर गेलीय, ती काही फिंगरप्रिंटला ओळखू येत नाही.

आणि गंमत अशी की मॉडेल जेवढं हुशार तेवढा हा त्रास जास्त, निदान माझा अनुभव तसा. ते खरखरीच्या पलीकडचं ऐकतं, स्पीडच्या फरकाकडे काणाडोळा करतं आणि बरोब्बर तेच गाणं शोधून आणतं. इतकं चांगलं ऐकू येणारा माणूस मला रविवारच्या जेवणाला नकोय.

तर ब्लिस. ही रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली कोडची लायब्ररी आहे, यात शिकलेलं मॉडेल वगैरे काही नाही, साधे मोजलेले आकडे, एका गाण्याचे वीसेक. टेम्पोचा एक, मग आवाज किती चरचरीत किंवा दबका आहे त्याचे काही, लाउडनेस, आणि निम्मे क्रोमाचे, म्हणजे सुरांच्या जोड्या कशा पडतात त्याचे. दोन गाण्यांमधलं अंतर काढायचं, जवळचं आधी लावायचं, संपलं. माझ्याकडे रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर एमपीडी हा गाणी वाजवणारा प्रोग्रॅम आहे, त्याच्यासाठी ब्लिसिफाय नावाचा छोटा प्रोग्रॅम मिळतो. अ‍ॅनालिसिस लॅपटॉपवर रात्री लावलं, सकाळी दूध तापेपर्यंत झालं होतं, मग डेटाबेसची फाइल पायवर नेली. दोन्हीकडे गाण्यांच्या फोल्डरचा पाथ सेम ठेवा, नाहीतर त्याला एकही गाणं सापडत नाही. त्यात माझा एक शनिवार गेलाय.

इन्स्टॉल करणं सुखाचं नाही हे सांगायलाच हवं. कार्गो या रस्टच्या टूलने कोडपासून प्रोग्रॅम स्वतः बनवायचा, म्हणजे कंपाइल करायचं, पायवर केलंत तर मधे बाजारहाट करून या. सुंदर अ‍ॅप, कव्हरची चित्रं, काही नाही, टर्मिनलमधे कमांड द्यायची. न्यूरलवाल्याचा वेबपेज बघून आल्यावर हे म्हणजे लॉजमधून धर्मशाळेत आल्यासारखं वाटतं.

पण डुप्लिकेटचा विचार ब्लिसमधे मुळातच केलेला आहे. नाव आणि कलाकार जुळले तर गाळतंच, शिवाय दोन गाण्यांतलं अंतर ठरावीक आकड्याच्या आत आलं की हे तेच गाणं समजून सोडून देतं, मग स्पेलिंग काहीही असो. सीडी-सीडीचा प्रश्न तिथेच मिटला. कॅसेटवाल्या कॉपीचं काय, तर ब्लिसला खरखर आणि दबलेली ट्रेबल सरळ आकड्यात दिसते, त्यामुळे ती कॉपी सीडीपासून एवढी लांब पडते की तीसच्या लिस्टीत दोन्ही एकदम येतच नाहीत. म्हणजे जे हुशार मॉडेलने सोडून दिलं त्याच्यावरच हे भाबडं चालतं, आणि माझं काम होतं.

याचा एक साइड इफेक्ट आहे, काहींना तो दोष वाटेल. कॅसेटवरची गाणी कॅसेटवरच्याच गाण्यांजवळ जातात. तीन मिनिटांच्या तबकड्यांवरची जुनी मोनो रेकॉर्डिंगं त्यांच्यातच राहतात. 'हे गाण्यासारखं गाणं नाही, रेकॉर्डिंगसारखं रेकॉर्डिंग आहे' असं मला एकाने सुनावलं आणि ते खोटं नाही. पण बाबांनी पहिल्यांदा ती लिस्ट ऐकली तेव्हा सातव्या-आठव्या गाण्याला म्हणाले की हे आपल्या जुन्या घरातल्यासारखं वाजतंय. त्यानंतर मी ते सेटिंग बदलायच्या फंदात पडलो नाही.

शास्त्रीयसाठी मात्र दोन्हींकडून फार अपेक्षा ठेवू नका. राग कुणालाच कळत नाही, भूप आणि यमन शेजारी बसले तर योगायोग समजा. ब्लिस पूर्ण ट्रॅकची सरासरी काढतं, त्यामुळे चाळीस मिनिटांचा ख्याल, विलंबितापासून द्रुतापर्यंतचा, हा त्याच्या लेखी एक मध्यम लयीचा तंबोरा असतो. न्यूरलवालंही तीन-तीन सेकंदांची शेवटी सरासरीच करतं. मी ख्यालाचं फोल्डरच वेगळं काढलंय.

प्लेक्सॅम्पचं, म्हणजे प्लेक्स सर्व्हरच्या गाण्यांच्या प्लेअरचं, कुणीतरी विचारणारच. त्याचं सॉनिक अ‍ॅनालिसिस मित्राकडे ऐकलंय आणि छान आहे, दोन गाणी दिली की एकातून दुसऱ्यापर्यंत हळूहळू नेणारं सॉनिक अ‍ॅडव्हेंचर तर भन्नाट. पण त्याला प्लेक्स पास, म्हणजे पैसे भरून घ्यायची वर्गणी, लागतो आणि लाइफटाइम पासची किंमत एप्रिल २०२५ अखेर १२० डॉलरवरून २५० झाली. ज्यांनी आधी घेऊन ठेवलाय त्यांनी हे सगळं वाचायची गरजच नव्हती.

टर्मिनल नकोच असेल आणि ब्लिस हवं असेल तर लिरियन म्युझिक सर्व्हर बघा, म्हणजे जुनं लॉजिटेक मीडिया सर्व्हर, २०२४ मधे नाव बदललं. त्याला ब्लिस मिक्सर प्लगइन आहे, तोच कलाकार किती गाण्यांनंतर परत यावा वगैरे सगळं क्लिकवर ठरवता येतं. ख्रिसमसची गाणी डिसेंबर सोडून एरवी लागू नयेत याचाही फिल्टर आहे त्यात. मला तो गणपतीच्या आरत्यांसाठी हवाय, सध्या मी आरत्यांचं फोल्डर लायब्ररीच्या बाहेर ठेवतो आणि भाद्रपदात आत आणतो.

थोडक्यात कुणी काय घ्यावं ते बघा बुवा. लायब्ररी मुख्यतः इंग्लिश असेल, अल्बम नीट असतील, एखादा तगडा पीसी चोवीस तास चालू असेल तर न्यूरलवालं कदाचित तुम्हाला जास्त आवडेल, मी वाद घालणार नाही. सणवाराच्या याद्या हव्या असतील तर टॅगच करा, सुटका नाही. पण घरात संकलनांचा ढीग आणि कॅसेटी असतील तर मी ब्लिस म्हणेन.

आणि ब्लिसिफायमधे एक इंटरॲक्टिव्ह मोड आहे तो नक्की बघा, मला तो दोन महिन्यांनी सापडला. दर गाण्यानंतर जवळची तीन नावं दाखवतो, आकडा दाबायचा, पुढचं ते लागतं. बाबांना जुना कीबोर्ड काढून दिलाय, एक, दोन, तीनवर लाल टिकल्या चिकटवल्यात. दुपारी झोप नाही लागली की तिथे बसतात, आणि तिन्ही पटली नाहीत की मला ऑफिसात फोन येतो.