भर समुद्र आणि खाडी: ऊर्जेच्या दोन वाटा

मालवणच्या समुद्रात ऊर्जेची वाट सरळ आहे. उन्हावर वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, वाढतं, ते पाण्यातून गाळून तारली खाते, तारलीला सुरमई. प्रत्येक पायरीवर साधारण 10 टक्केच ऊर्जा पुढे जाते. बाकीची हालचालीत, श्वसनात, उष्णता होऊन निघून जाते. ढोबळ हिशेबाने 1000 किलो प्लवकातून 100 किलो तारली, आणि तेवढ्या तारलीतून जेमतेम 10 किलो सुरमई. म्हणूनच ताटात तारली घेणारा समुद्राकडे कमी मागतो, असं मला मनापासून वाटतं.

खाडीचं तसं नाही. कर्ली खाडीकाठी ओहोटीच्या वेळी कांदळवनाशी जरा थांबून पाहा. पिवळं पडलेलं पान चिखलावर पडलेलं असतं. बिळातून खेकडा येतो, पान नांगीत धरतो आणि मागे सरकत आत ओढून नेतो. कांदळाच्या ताज्या पानात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर, त्यामुळे हिरवं पान खाणारे थोडेच. पान गळून कुजायला लागलं की त्यावर जिवाणू आणि बुरशी वाढतात, चुरा पौष्टिक होतो. त्यावर कोळंबी, बोय मासे पोसतात. मग खंड्या आणि पाणमांजर.

10 टक्क्यांचा हिशेब इथेही चुकत नाही. पण प्लवक काही दिवसांतच संपतं, तर चिखलातलं पान महिनोन्‌महिने थोडं थोडं अन्न देत राहतं. मला खाडीच जास्त मोलाची वाटते. भराव टाकून ती बुजवताना पाहिलं की जीव तुटतो. कोळंबीची पिल्लं इथेच वाढून समुद्रात जातात.