थंड प्रदेशातल्या वाईन्स: नऊ महिने ठाण्यात पिऊन झाल्यावर

गेल्या नोव्हेंबरपासून जुलैपर्यंत महिन्यातला एक शनिवार आम्ही यासाठीच ठेवला होता. मी, बायको, माझा एक मित्र आणि शेजारचे काका, घोडबंदर रोडला आमच्याच घरी. दोन बाटल्या पेपरात गुंडाळून समोर ठेवायच्या, एक कुठल्यातरी थंड भागातली आणि दुसरी बहुतेक वेळा नाशिकची, आणि नावं शेवटी बघायची. एवढं पिऊन माझं ठाम मत झालंय की थंड प्रदेशातल्या वाईनचे जास्तीचे पैसे आपण आंबटपणासाठी मोजतो, आणि हा आंबटपणा आपल्या जेवणाबरोबर फार छान जातो.

कारण अगदी कैरीसारखं आहे. द्राक्ष पिकत जातं तसा आंबटपणा उतरतो, ऊन कडक असेल तर त्यातलं मॅलिक ॲसिड भराभर संपतं, रात्री गार असल्या की टिकतं, आणि साखर हळू चढते म्हणून अल्कोहोलही कमी राहतं. नाशिक २० अंश अक्षांशावर, त्यामुळे तिथे एप्रिलची खरड छाटणी आणि पावसानंतरची गोडी छाटणी करून पीक मुद्दाम हिवाळ्यात आणतात, जानेवारी ते मार्च तोडणी, म्हणजे थंडी मिळते ती तेवढीच. हे कळल्यापासून नाशिकच्या वाईनबद्दल माझा आदर वाढलाय.

पहिली जोडी सॉव्हिन्यो ब्लां या पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाची, न्यूझीलंडच्या मार्लबरोची आणि नाशिकची. मार्लबरोत हल्लीच्या द्राक्षबागा सुरू झाल्या १९७३ मध्ये, पण आज या द्राक्षाचं नाव काढलं की लोक आधी तोच प्रदेश सांगतात. ग्लास नाकाशी नेला आणि बायको म्हणाली, अगं बाई, ही तर ढोबळी मिरची चिरल्यासारखी! मग अर्धवट पिकलेला पेरू, मग लिंबू, आणि घोट गिळल्यावर जबड्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी सुटतं ते बराच वेळ सुटतच राहतं. नाशिकची जास्त मऊ, पिकलेल्या फळाची, नुसती प्यायला मला आवडली पण तळलेल्या सुरमईबरोबर मार्लबरोवालीच पुढे गेली, ताटात लिंबाची फोड लागलीच नाही.

सगळ्यात जास्त जीव जडला तो जर्मनीतल्या मोझेलच्या रीसलिंगवर. नदीकाठचे पाटीच्या दगडाचे उभे चढ, काही ठिकाणी इतके की माणसालाच नीट उभं राहता येत नाही. आम्ही घेतली ती काबिनेट या हलक्या प्रकारातली, किंचित गोड, अल्कोहोल जेमतेम ८-९ टक्के. वास घेतल्यावर मला पहिलीतली पाटी आठवली, ओल्या फडक्याने पुसल्यावर यायचा तसा वास. मित्राने हट्टाने मामलेदारची मिसळ पार्सल आणली, तीही तिखट, मला वाटलं बाटली फुकट जाणार. पण तिखटावर अल्कोहोल जास्त असलं की जीभ आणखी भाजते, इथे ते कमी, वर थोडी साखर आणि खाली चिंचेसारखा आंबटपणा, त्यामुळे प्रत्येक घोटाने तोंड साफ व्हायचं आणि पुढचा घास हवासा वाटायचा. आयुष्यभर व्हिस्की प्यायलेले काका म्हणाले, "अरे, ही दुसरी बाटली आण पुढच्या वेळी." आणली. रीसलिंग मुरली की तिला रॉकेलसारखा वास येतो, तो दोष नाही, घाबरू नका.

फ्रान्समधल्या शाब्लीची वाईन चांगली होती, शार्डोने द्राक्षाचीच पण लाकडी पिंपाचा वास नाही, तिसऱ्यांच्या सुक्याबरोबर मस्त. तिथे एप्रिलमध्ये कोवळ्या फुटव्यांवर हिम पडतं म्हणून बागेत रात्रभर मोठ्या मेणबत्त्या पेटवून ठेवतात, आणि त्याच एप्रिलमध्ये आमच्या हॉलमध्ये ३३ डिग्री!

या उन्हानेच खरा घात केला. ठाण्यातल्याच एका दुकानातून मे महिन्यात महागातली पिनो न्वार ही लाल वाईन घेतली, घरी बघितलं तर बूच थोडं वर आलेलं, आणि चव उकडलेल्या मनुकांची. बाटली गरमीत राहिलेली होती, दुकानदार ऐकायलाच तयार नाही. फार वाईट वाटलं. नंतर मेलबर्नच्या चुलतभावाने टास्मानियाची पिनो आणली, ती मात्र ताज्या चेरीसारखी, हलकी, आणि थोडी गार केल्यावर आणखी खुलली. लाल वाईन रूम टेम्परेचरला प्या म्हणतात ते आपल्या हॉलचं टेम्परेचर नव्हे. लाल अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये, पांढरी फ्रीजमधून पिण्याआधी दहा मिनिटं बाहेर, आणि ग्लासात थोडी थोडीच ओता, इथे दहा मिनिटांत कोमट होते.

चुलतभावानेच आणलेल्या, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाच्या थंड भागातल्या शिराझला चक्क काळ्या मिरीचा वास होता, आणि मिरीत वास देणारं जे रोटंडोन नावाचं रसायन असतं तेच त्या द्राक्षातही असतं. मटणाबरोबर अप्रतिम. ऑस्ट्रेलियाच्या बाटल्या इथेही बघत राहा, २९ डिसेंबर २०२२ पासून भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारामुळे ५ अमेरिकी डॉलरवरच्या बाटलीची आयात ड्युटी १५० टक्क्यांवरून १०० झाली, १५ डॉलरवरच्यांची ७५, आणि ती दरवर्षी आणखी उतरतेय.

आता मी घेतो ती बाटली फिरकीच्या झाकणाची किंवा बंद खोक्यातून काढलेली, शोकेसमध्ये दिव्याखाली उभी असलेली कधीच नाही, आणि मे महिन्यात तर एसी बंद असलेल्या दुकानातून काहीच घेत नाही.