धडक देऊन पळालेली गाडी आणि दवाखान्यात गाठणारा एजंट

हिट अँड रनमधल्या जखमीला दोनदा लुटलं जातं. एकदा रस्त्यावर, आणि दुसऱ्यांदा वॉर्डात, कॉटपाशी स्टूल ओढून बसणाऱ्या माणसाकडून. "मामा, तुम्ही फक्त बरे व्हा, क्लेमचं सगळं मी बघतो," असं तो म्हणतो. घरचे लोक रक्ताच्या बाटल्या आणि औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन पळत असतात, त्यामुळे त्याच्या फाइलवर सही करायला कोणी फारसा विचार करत नाही.

कराड तालुक्यातल्या एका दूध घालणाऱ्या माणसाचं प्रकरण इथे देत आहोत. नाव-गाव मुद्दाम गाळलं आहे. पहाटे उंब्रजच्या अलीकडे मागून आलेल्या टेम्पोने त्याच्या मोटारसायकलला उडवलं आणि टेम्पो साताऱ्याच्या दिशेने निघून गेला. नंबर कोणी पाहिला नाही. उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली, आत रॉड घालावा लागला. तिसऱ्या दिवशी एजंटने त्याच्याकडून घेतलेली कागदपत्रं अशी होती: पाचशेचे दोन कोरे स्टॅम्प सह्यांसकट, कोरं वकीलपत्र, तीन कोरे चेक, आधार आणि पॅनच्या झेरॉक्स. चेक ज्या खात्याचे होते त्याला जोडलेला मोबाइल नंबरही त्याने आठवड्याभरात बदलून स्वतःचा करून घेतला. बोली चाळीस टक्क्यांची.

यातली सगळ्यात घातक गोष्ट टक्केवारी नव्हे, मोबाइल नंबर. भरपाई थेट खात्यात येते. मेसेज एजंटच्या फोनवर जातो, कोरा चेक त्याच्याच खिशात असतो, आणि जखमीला पैसे आल्याचं कळतं ते पासबुक भरायला गेल्यावर.

सह्या मिळवायला त्याने दोन खोट्या गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की गाडी सापडली नाही तर सरकार फक्त साडेबारा हजार देतं, त्यासाठी कशाला खेटे घालता. ही रक्कम एके काळी खरी होती, म्हणूनच लोकांना पटते. १ एप्रिल २०२२ पासून नवी योजना लागू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली, अज्ञात वाहनाच्या धडकेत मृत्यू झाला तर वारसांना २ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. या अर्जाला वकील लागत नाही, कोर्टात जावं लागत नाही.

दुसरी थाप जास्त बेमालूम. "ते पन्नास हजार घेतले की पुढचा मोठा दावा संपला, तसं लिहूनच घेतात." अर्जासोबत नमुना ४ मध्ये हमीपत्र द्यावं लागतं हे खरं, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. पुढे गाडी सापडली आणि कायद्याच्या दुसऱ्या तरतुदीखाली भरपाई मिळाली, तर ही आधी घेतलेली रक्कम परत करावी लागते किंवा त्यातून वजा होते. कलम १६३ एवढंच सांगतं. हक्क कुठेही संपत नाही. एजंटला मात्र पन्नास हजारांच्या सरळ अर्जात काही सुटत नाही, म्हणून तो माणसाला तहसील कचेरीपासून लांब ठेवतो.

मग आला खरा डाव: "गाडी लावून देतो." म्हणजे विमा चालू असलेली एखादी गाडी आणि पैसे घेऊन उभा राहणारा ड्रायव्हर शोधायचा, जखमीने पोलिसांना पुरवणी जबाब द्यायचा की नंबर आता आठवला, आणि विमा कंपनीवर पंचवीस लाखांचा दावा टाकायचा. दूधवाल्याने जबाब दिला. टेम्पोच्या जागी एक पिकअप आली.

असे दावे कसे कोसळतात ते नीट समजून घ्या. विमा कंपनीचा तपासनीस पहिल्यांदा दवाखान्यातली एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या रुग्णाची डॉक्टरांनी केलेली नोंद काढतो. तिथे पहिल्या तासात लिहिलेलं होतं, 'अज्ञात टेम्पोची मागून धडक'. नंतर तो आरटीओचा वाहन तपासणी अहवाल बघतो. पिकअपचा बंपर, इंडिकेटर, रंग, काहीच फुटलेलं नव्हतं. त्यानंतर ड्रायव्हरचं मोबाइल लोकेशन आणि गाडीची फास्टॅगची नोंद. त्या पहाटे पिकअप तासवड्याच्या किंवा आनेवाडीच्या टोलवरून गेलेलीच नव्हती. दावा फेटाळला गेला, आणि खोट्या पुराव्याबद्दल नोटीस आली ती एजंटला नव्हे, सही करणाऱ्याला. न्यायालयीन कामात खोटा पुरावा देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. उत्तर प्रदेशात असे बनावट दावे इतके वाढले की तपासासाठी खास पथक नेमावं लागलं. आता सगळ्याच विमा कंपन्या डोळ्यांत तेल घालून बघतात.

सगळ्यात वाईट याच्या पुढचं. कलम १६१ ची भरपाई 'अज्ञात' वाहनासाठी आहे. पोलिसांच्या कागदावर एकदा पिकअपचा नंबर चढला की वाहन अज्ञात राहत नाही. खोट्या पंचवीस लाखांच्या मागे लागून हक्काचे पन्नास हजारही अडकले.

सरळ रस्ता कसा आहे ते आता सांगतो. अर्ज नमुना १ मध्ये, दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे ज्या तालुक्यात अपघात झाला तिथल्या प्रांत किंवा तहसीलदारांकडे. माणूस राहतो कुठे याला महत्त्व नाही. तासगावच्या माणसाला पेठ नाक्याजवळ उडवलं तर अर्ज वाळवा तालुक्यात जातो. सोबत एफआयआरची प्रत, इंज्युरी सर्टिफिकेट किंवा मृत्यू असेल तर पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, स्वतःच्या खात्याच्या पासबुकची प्रत, नमुना ४ मधलं हमीपत्र, आणि कॅशलेस उपचार झाले असतील तर दवाखान्याचं बिल. आवकच्या शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून एका महिन्यात चौकशीचा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे जायला हवा, पंधरा दिवसांत मंजुरी व्हायला हवी, आणि त्यानंतरच्या पंधरा दिवसांत जनरल इन्शुरन्स कौन्सिलने, म्हणजे विमा कंपन्यांच्या संस्थेने, पैसे खात्यात भरायला हवेत. प्रत्यक्षात फाइल रेंगाळते ती बहुतेक वेळा चौकशीच्या टप्प्यावर, कुठला तरी कागद कमी आहे म्हणून. पोच हातात असेल तर कोणता कागद कमी आहे हे लेखी मागता येतं.

जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पोलिसांवर एक जबाबदारी टाकली आहे, आणि ती फार थोड्या लोकांना माहीत असते. अपघाताची नोंद झाल्यापासून महिन्याभरात गाडीचा पत्ता लागला नाही, तर पोलिसांनी जखमीला किंवा वारसांना या योजनेची माहिती आणि चौकशी अधिकाऱ्याचा संपर्क लेखी द्यायचा आहे. पत्र आलं नसेल तर ठाण्यात जाऊन लेखी मागा.

अर्ज अडतो तो कागदातल्या चार शब्दांवर. दवाखान्यात गडबडीत नातेवाईक सांगून जातात, 'गाडीवरून पडले'. एमएलसीत 'स्लिप होऊन पडून दुखापत' असं लिहिलं गेलं की धडक मारणारी गाडी कागदावरून नाहीशी होते. कॉटवर आणल्या आणल्या डॉक्टरांना आणि चौकीतल्या पोलिसाला 'अज्ञात वाहनाने धडक दिली' एवढं स्पष्ट सांगा, रंग किंवा प्रकार दिसला असेल तर तेही, आणि दिसलं नसेल ते सांगू नका. दुसरी अडचण सर्टिफिकेटमधली. ५० हजार फक्त गंभीर दुखापतीला मिळतात. हाड मोडणं किंवा सांधा निखळणं, दात पडणं, डोळा किंवा कान कायमचा जाणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना अथवा रोजचं काम करता न येणं, हे सगळं न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापतीत धरलं जातं. एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर असूनही सर्टिफिकेटवर 'साधी दुखापत' लिहून आलं असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या.

पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. हद्द आमची नाही हे कारण चालत नाही, कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. तपासात गाडी सापडलीच नाही तर पोलीस कोर्टात 'अ' समरी, म्हणजे तपास थांबवल्याचा अहवाल, पाठवतात. तिचा अर्थ गुन्हा खरा, आरोपी मिळाला नाही. ही प्रत जपून ठेवा. 'ब' समरी म्हणजे तक्रार खोटी, ती आली तर गप्प बसू नका, कोर्टात हरकत घ्या.

गाडी खरोखर शोधायची असेल तर पहिला आठवडाच हातात असतो. टोल, पेट्रोल पंप आणि ढाब्यांवरचं सीसीटीव्ही चित्रण थोड्या दिवसांत पुसलं जातं. म्हणून 'अमुक टोलचं अमुक वेळेचं चित्रण ताब्यात घ्यावं' असा वेळेसकट अर्ज ठाण्यात द्या. रस्त्यावर पडलेली काच, रंगाचा टवका, तुटलेला आरसा उचलून घरी आणू नका. ते स्पॉट पंचनाम्यात यायला हवं.

गाडी सापडली तर चित्र बदलतं. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करताही गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला ५ लाख मिळतात. कलम १६६ खाली मिळकत, वय, अपंगत्व यांवर भरपाई ठरते, तिला वरची मर्यादा नाही. १६६ च्या अर्जाची मुदत कायद्यात अपघातापासून सहा महिने घातली आहे, आणि एजंट 'गाडी शोधतोय' म्हणत घालवतो ते नेमके हेच महिने. याशिवाय, चालवणारा स्वतःच गाडीचा मालक असेल तर आपल्याच पॉलिसीत १५ लाखांचं सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण आहे का ते बघा. मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वात ते लागू होतं. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे योजनेत मृत्यूला २ लाख मिळतात. तिची मुदत कमी असते, तालुका कृषी कार्यालयात लगेच चौकशी करा.

वकील लागलाच तर एक नियम लक्षात ठेवा. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, भरपाईत टक्का घेता येत नाही आणि एजंट लावून कामं मिळवता येत नाहीत. 'चाळीस टक्के वकीलसाहेबांचे' असं कोणी म्हणालं तर तो वकील नियम मोडतोय किंवा तो वकीलच नाही. सातारा आणि सांगलीच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथे फुकट वकील मिळतो. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

सह्या आधीच देऊन बसला असाल तर या क्रमाने करा. पहिल्यांदा बँकेत जा. दिलेल्या चेकचे नंबर लिहून 'स्टॉप पेमेंट' करा, मोबाइल नंबर स्वतःचा टाका, एटीएम कार्ड त्याच्याकडे असेल तर बंद करा. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, तीत कोऱ्या स्टॅम्पचे अनुक्रमांक आठवत नसतील तर संख्या आणि तारीख तरी लिहा, म्हणजे उद्या त्यावर काही टाइप करून आणलं तर तुमची तक्रार आधीची ठरेल. खोटा पुरवणी जबाब झाला असेल आणि दावा अजून दाखल झाला नसेल, तर प्राधिकरणाच्या वकिलाला खरं काय ते सांगून पुढचं पाऊल टाका. वकील बदलायचा असेल आणि आधीचा फाइल अडवून बसला असेल, तर फीसाठी पक्षकाराचे कागद रोखून धरता येत नाहीत असा निकाल सुप्रीम कोर्टाने २००० मध्येच दिला आहे. कागद लेखी मागा, पोच ठेवा, आणि देत नसेल तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करा.