बोटांनी वाचायचे दगड : रूपांतरित खडकांचा नमुनासंच

मी दृष्टिहीन मुलांना भूगोल शिकवते. रूपांतरित खडकांचा धडा आला की इतकी वर्षं माझ्याकडे नुसते शब्द असायचे. म्हणून बारा नमुन्यांची ही पेटी मागवली. दोन महिने वर्गात हाताळून झाल्यावर लिहिते आहे.

पहिल्या कप्प्यातल्या पाच दगडांसाठीच पेटी घ्यावी: शेल, पाटीचा दगड, फिलाइट, शिस्ट, नाइस. मूळ गाळ तोच, फक्त पुढचा प्रत्येक दगड जास्त दाबला आणि तापला गेलेला. पर्वत घडताना विस्तीर्ण प्रदेशात असं होतं, म्हणून हे प्रादेशिक रूपांतरण. एका दिशेने दाब जास्त पडला की अभ्रकासारखी चपटी खनिजं त्याच्याशी काटकोनात पसरतात आणि खडकाला पानं सुटतात. मुलांनी ही पानं स्वतः शोधली. शेल ओला केला की मातीचा वास येतो. पाटीच्या दगडावर टिचकी मारली की खणखणीत वाजतो. फिलाइट रेशमासारखा लागतो. शिस्टवरून हात फिरवला की अभ्रकाच्या चकत्या बोटांना चिकटतात आणि मधूनच गार्नेटचे टपोरे उंचवटे लागतात. जॉर्ज बॅरो यांनी 1893 मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात अशाच खनिजांवरून खडक कुठे किती तापले ते दाखवलं होतं. क्लोराइटनंतर बायोटाइट, मग गार्नेट, असा तो क्रम. तो सांगितल्यावर एका मुलीने गार्नेटवरचं बोट बराच वेळ उचललं नाही.

नाइसने मात्र निराशा केली. तुकडा घासून इतका गुळगुळीत केलाय की पट्टे हाताला लागतच नाहीत.

चुनखडकात शिंपल्यांचे ठसे चाचपता येतात, त्याच्यापासूनच झालेल्या शेजारच्या संगमरवरात त्यांचा मागमूस नाही, नुसते साखरेसारखे स्फटिक. वालुकाश्म चोळला की वाळू सुटते, त्याच्यापासून झालेल्या क्वार्ट्झाइटचा एक कणही सुटत नाही. या दोन जोड्या उत्तम.

खरी तक्रार हॉर्नफेल्सची. तप्त शिलारस शेजारी घुसला की लगतचा खडक भाजून निघतो. हे संपर्क रूपांतरण. इथे दिशेचा दाब नसल्यामुळे खनिजं कशीही वाढतात, म्हणून दगड घट्ट, टणक आणि बिनपानांचा होतो. आमच्या पेटीतल्या 'हॉर्नफेल्स'ला पानं होती! 'बाई, हा पाटीचाच आहे,' असं मुलांनी सांगितलं आणि ते बरोबर होतं. विक्रेत्याला दोनदा लिहिल्यावर बदलून मिळाला. आता मी एका हातात पाटीचा दगड देते, दुसऱ्यात हॉर्नफेल्स. चिखल दोन्हींत तोच, एक दाबलेला, दुसरा भाजलेला. इतकं समजावून सांगायला मला पूर्वी अख्खा तास लागायचा.

पुस्तिका दुरुस्त व्हायलाच हवी. तिच्यात दोन ठिकाणी खडक 'वितळून' रूपांतरित होतो असं छापलंय. रूपांतरण घन अवस्थेतच होतं. वितळून पुन्हा थिजला तर तो अग्निजन्य खडक. मुलांच्या डोक्यात ही चूक एकदा बसली की काढणं फार कठीण जातं. प्रस्तरभंगाच्या खोल पट्ट्यात ताणला जाऊन बारीक कणांचा होणारा मायलोनाइट तर फक्त चित्रात आहे. माझ्या वर्गाला चित्राचा काय उपयोग?

शेवटची जोडी पेरिडोटाइट आणि सर्पेंटिनाइट. गरम पाणी मुरून पहिल्याचा दुसरा होतो. खनिजांतच पाणी शिरल्यामुळे तो हलका आणि साबणासारखा बुळबुळीत लागतो. दोन्ही तुकडे जवळपास सारख्या आकाराचे निवडलेत, त्यामुळे वजनातला फरक तळहाताला लगेच कळतो. ज्याने कोणी हे तुकडे निवडले, त्याचे मनापासून आभार.

मागवणार असाल तर नाइस न घासलेला मागा आणि हॉर्नफेल्स हातात घेऊन तपासा.