पेलेटच्या कोठीसाठी चार वायूंचा पंपवाला मीटर

लाकडी पेलेट, म्हणजे भुसा दाबून केलेले जळणाचे दाणे, नुसते साठवून ठेवले तरी कार्बन मोनॉक्साइड सोडतात. लाकडातल्या स्निग्ध आम्लांचं हवेत संथ ऑक्सिडीकरण चालू असतं. त्यात ऑक्सिजन खर्च होतो आणि हा बिनवासाचा, बिनरंगाचा वायू बंद कोठीत साचत जातो. माल ताजा आणि कोठी गरम असेल तर आणखी भराभर. आत आग किंवा धूर नाही, एवढ्यावर विसंबून कुणीही आत उतरू नये.

अशा कोठीसाठी आमची पसंती पंपवाल्या चार वायूंच्या मीटरला. ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड तो एकत्र मोजतो. पेलेटसाठी शेवटच्या सेन्सरचा फारसा उपयोग नाही, बाकीचे तिन्ही लागतातच. बिनपंपाचा मीटर घेऊ नका. त्याने आतली हवा तपासायला स्वतःलाच आत वाकावं लागतं.

फक्त ऑक्सिजन मोजणारा मीटर तर इथे घातक. १२०० पीपीएम (दहा लाख भागांत १२०० भाग) कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेतणारा, पण हवेत तो भरतो जेमतेम ०.१२ टक्के. तेवढ्याने ऑक्सिजनचा आकडा २०.९ वरून जवळपास हलतही नाही. घरगुती अलार्मही या कामाचा नाही: युरोपातल्या ईएन ५०२९१ मानकानुसार तो ५० पीपीएमला ६० ते ९० मिनिटांनी वाजतो. घरात ते ठीक आहे, कोठीच्या दाराशी नाही.

मीटर मोकळ्या हवेत सुरू करून शून्यावर आणा. कोठीच्या तोंडाशी शून्य केलं, तर तिथली दूषित हवाच शुद्ध धरली जाते. मग झडपेतून नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी वाचन घ्या. कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेइतकाच जड असल्याने तो कुठल्याही थरात सापडतो. नळीच्या दर मीटरला साधारण १० सेकंद आणि शिवाय सेन्सर स्थिरावायला दोनेक मिनिटं द्या. घाईत घेतलेला आकडा नळीतल्या जुन्या हवेचा असतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली किंवा कार्बन मोनॉक्साइड ३५ पीपीएमवर दिसला तर आत जायचं नाही, आधी हवा खेळती करायची. आत काम चालू असतानाही मीटर अंगावर सुरूच हवा, कारण ढीग हलला की दाण्यांमध्ये अडकलेला वायू मोकळा होतो.

मोठी उणीव अशी, की मेलेला कार्बन मोनॉक्साइड सेन्सर आणि स्वच्छ हवा, दोन्ही पडद्यावर ० च दाखवतात. म्हणून रोज वापराआधी बंप टेस्ट, म्हणजे चाचणी वायू सोडून अलार्म वाजतो का ते पाहणं, टाळता येत नाही. पेलेटच्या भुशाने फिल्टर तुंबतो. सुटे फिल्टर जवळ ठेवा. सिलिकॉन स्प्रे ज्वलनशील वायूचा पेलिस्टर (तापलेल्या मण्यावर वायू जाळून मोजणारा) सेन्सर निकामी करतो, आणि ऑक्सिजन फार कमी असला तर तोच सेन्सर खरा धोका कमी दाखवतो. त्यामुळे ऑक्सिजनचा आकडा आधी वाचा.

मीटरसोबत चाचणी वायूचा सिलिंडर घ्या आणि त्याची मुदत तपासा.