'खच्ची केलाय' सांगून विकलेला घोडा, आणि अमावस्येच्या नावाने दिलेली थाप

घोडा घेताना समोरचा 'खच्ची केलाय, दोन्ही वृषणं काढलीत' म्हणाला तर तेवढ्यावर पैसे देऊ नका. आधी डॉक्टरला हात लावून बघू द्या. आमच्याकडे जे झालं ते दुसऱ्या कुणाकडे होऊ नये म्हणून सगळं लिहितोय, कारण यात नुसते पैसे जात नाहीत, माणूस जखमी होतो.

आमच्याकडे मुलांना रायडिंग शिकवायला घोड्या आहेत, त्यांच्यात सोडता येईल असा शांत नर हवा होता. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत बघून आलो, मनासारखा मिळाला नाही, मग ओळखीतून एका व्यापाऱ्याच्या ठाणावर गेलो. तीन वर्षांचा, कुमेद (तांबूस-तपकिरी) रंगाचा, मारवाडी क्रॉस, चाल सुंदर. व्यापारी आधी बराच वेळ अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरच बोलत होता, गळ्याचा देवमण बघा, कपाळाचा भोवरा बघा, असा घोडा घरात लक्ष्मी आणतो वगैरे. खच्चीचं विचारलं तर मागचा पाय बाजूला करून व्रण दाखवला, म्हणाला दीड वर्षाचा असतानाच केलाय. आजूबाजूला एकही घोडी नव्हती हे आता लक्षात येतंय. १ लाख ३५ हजार दिले, पावतीवर त्याने लिहिलं 'घोडा एक, रंग कुमेद', बस.

घरी आणल्यावर माद्यांचा वास लागला की मान कमानीसारखी करायचा, वरचा ओठ उलटा करून उभा राहायचा, ओरडायचा, कुंपण तोडायला बघायचा. एकदा घोडीवर चढला, आणि त्याला ओढून बाजूला करणाऱ्या आमच्या पोराच्या खांद्याला शर्टासकट चावला. दातांची कमान काळीनिळी उठली होती, हात वर होईना, पोरगं नशिबाने वाचलं.

व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "भाऊ, याला शुद्ध पक्षात काढलंय, चांदणं वाढत असताना काढलं की रक्तात गरमी राहते, दोन अमावस्या जाऊ द्या." त्या गेल्या. मग म्हणाला हरभरा बंद करा, हरभऱ्याने अंगात उष्णता होते. तेही केलं. मग आधी सांगितलेलं दीड वर्षाचं विसरून म्हणाला उशिरा काढलंय ना, सवय लागलेली असते, सहा महिने तरी धरा.

आता यातलं शेवटचं अर्धं खरं आहे आणि तिथेच माणूस फसतो. दोन्ही वृषणं निघाली की टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचं हार्मोन, एक-दोन दिवसांतच खाली येतं, पण लागलेल्या सवयी जायला काही आठवडे ते काही महिने लागतात, काही घोड्यांत थोडीफार मस्ती कायमची राहते. म्हणून मालक थांबतो. आणि विकणाऱ्याला तेवढंच पाहिजे असतं, दिवस गेले की आपल्या हातात भांडायला काही उरत नाही. चंद्राचा आणि घोड्याच्या रक्ताचा काही संबंध नाही हो! आमच्या भागातली चांगली चांगली जाणती माणसं वद्य पक्ष धरतात, रक्त कमी जातं म्हणतात, त्यांच्या श्रद्धेला माझा विरोध नाही, पण तीच श्रद्धा पुढे करून कुणी खोटं झाकत असेल तर राग येतोच.

शेवटी घोड्यांचं काम करणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी घोड्याला थोडी गुंगी दिली, जांघेत बोटं घालून चाचपलं आणि सांगितलं की व्रण एकाच बाजूला आहे, डावीकडे कापल्याची खूणच नाही. मग वृषणाला हार्मोन सोडायला लावणारं एचसीजीचं इंजेक्शन देऊन आधीचं आणि नंतरचं असं रक्त तपासलं, टेस्टोस्टेरॉन चढलेलं आलं. म्हणजे एक वृषण पोटातच राहिलेलं, कुणीतरी खाली उतरलेलं तेवढं काढलं आणि खच्ची म्हणून विकला. पोटात राहिलेल्या वृषणात बीज तयार होत नाही, त्यामुळे घोडी गाभण बहुतेक राहणार नाही, पण हार्मोन बनतच राहतं, वागणं सांडासारखंच. पुढे त्यात गाठ होण्याचीही भीती असते.

असं कोण का करेल तर आपल्याकडे एकांड घोडा, म्हणजे एकच अंड असलेला, जुन्या अश्वशास्त्रापासून दोषाचा धरतात. गिऱ्हाईक हात लावत नाही. दिसणारं एक काढून टाकलं की दोष दिसतच नाही, वर 'शांत घोडा' म्हणून भाव येतो.

ज्यांच्याकडे शिंगरू आहे त्यांच्यासाठी, डॉक्टरांनी सांगितलं ते लिहितो. वृषणं साधारण जन्माच्या आसपासच खाली येतात, काहींत जांघेत अडकून उशिरा येतात, म्हणून आधी दोन्ही हाताला लागतायत का बघायचं, एकच लागत असेल तर कुणालाही ते एकटं काढू द्यायचं नाही. सहा महिने ते दोन वर्षं हे वय सोयीचं. लवकर केलं तर घोडा बुटका राहतो हे खोटं, उलट हाडांची वाढ थोडी उशिरा बंद होते म्हणून किंचित उंच होतो. तिथी नाही, ऋतू बघा, दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, थंडी असते, माश्या नसतात, चिखल नसतो. पावसाळ्यात अजिबात नको. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं पाहिजेच, घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो. बैल बडवतात, म्हणजे न कापता चेचतात, तसा प्रकार घोड्यावर करू देऊ नका. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवसापासून रोज चालवायचं नाहीतर सूज उतरत नाही, आणि आधीचं बीज शिल्लक असतं म्हणून महिना-दोन महिने माद्यांपासून लांब.

घेणाऱ्यांनी घोडी जवळ आणून नर कसा वागतो ते बघायचं, दोन्ही बाजूचे व्रण डॉक्टरकडून तपासून घ्यायचे आणि कुणी, कधी केलं त्याचा कागद मागायचा. केंद्राच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे हे काम नोंदणीकृत डॉक्टरनेच, भूल देऊन करायचं असतं, म्हणजे कायद्याने झालं असेल तर डॉक्टरचं नाव सांगता आलं पाहिजे. पावतीवर 'दोन्ही वृषणं काढलेला' असं लिहून घ्या, सही नाही म्हणाला तर तिथूनच परत या.

आमचा घोडा सध्या वेगळ्या बांधलेल्या पागेत आहे. पोटातलं काढायला पूर्ण भूल आणि मोठं हॉस्पिटल लागतं, ते दिवाळीनंतर करायचं ठरलंय. डॉक्टरचा रिपोर्ट जोडून व्यापाऱ्याला लेखी नोटीस दिली तेव्हा तो म्हणाला, घोडा परत आणा, बदल्यात दुसरा देतो. आम्ही घोडा परत दिला नाही. हाच घोडा तो पुढच्या बाजारात पुन्हा खच्ची म्हणून कुणाच्या तरी पोराबाळांच्या घरी पाठवेल.